महासाथ आणि सार्वजनिक आरोग्य, ठाणे–नवी मुंबई

महासाथ आणि सार्वजनिक आरोग्य, ठाणे–नवी मुंबई : कोविड-१९ च्या महासाथीत आणि ती ओसरल्यावर ठाणे खाडीकाठच्या या जोडशहरांच्या आरोग्यव्यवस्थेपुढे उभे राहिलेले प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ ठरवले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले. या दोन तारखांच्या दरम्यान ठाण्याला आणि नवी मुंबईला जे भोगावे लागले, त्यातले बरेचसे विषाणूपेक्षा येथील वस्तीच्या रचनेतून आले होते.

पालघर वेगळा झाल्यानंतर (१ ऑगस्ट २०१४) उरलेल्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर अशा सहा महानगरपालिका आहेत. शिवाय अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपालिका आणि शहापूर-मुरबाडचा ग्रामीण पट्टा. प्रत्येकीचा आरोग्य विभाग स्वतंत्र, प्रयोगशाळा आणि रुग्णसंख्येचा रोजचा तक्ताही वेगळा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर विटावा संपले की दिघा लागते. एक ठाणे महापालिकेत, दुसरे नवी मुंबईत. रिक्षात बसलेल्याला ही हद्द कळतही नाही. आजाराला तर नाहीच.

हा प्रश्न एप्रिल-मे २०२० मध्ये उघडा पडला. मुंबईतील रुग्णालये, पोलीस ठाणी, बेस्टचे आगार, महापालिकेची कार्यालये चालवणारी मोठी संख्या राहायला ठाणे, डोंबिवली, ऐरोली, नेरूळ येथे. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद होत्या, तरी ही माणसे बसने रोज मुंबईला जात आणि रात्री चाळीतल्या एका खोलीत परतत. आपल्याकडची रुग्णवाढ मुंबईहून येते, तेव्हा या कर्मचाऱ्यांची सोय मुंबईतच करा, अशी मागणी जिल्ह्यातून जोरात झाली. कल्याण-डोंबिवलीने तर अशा कर्मचाऱ्यांना रोज ये-जा करण्यास मनाई करणारा आदेश काढला आणि विरोध होताच मागे घेतला. टाळ्या-थाळ्या ज्यांच्यासाठी वाजल्या, त्यांनाच घरी येऊ नका म्हणण्याची वेळ आली, हे त्या महिन्यांचे खरे चित्र. साथीच्या काळात रेल्वे प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला देणारा १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगनंतर आला होता. २०२० मध्ये राज्याने तोच लागू केला, पण प्रवासी आता मुंबईच्या पोटातलाच होता. लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी १५ जून २०२० पासून, सर्वांसाठी ठरावीक वेळांत १ फेब्रुवारी २०२१ पासून आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून खुली झाली.

नवी मुंबईत दुसरा दुवा होता बाजाराचा. तुर्भे-वाशी येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कांदा-बटाटा, भाजीपाला, फळ, मसाला आणि धान्य या पाच बाजारांवर मुंबई महानगराचे स्वयंपाकघर चालते. म्हणून टाळेबंदीतही बाजार सुरू ठेवणे भाग होते. गाड्या येत राहिल्या, व्यापारी, वाहतूकदार, किरकोळ खरेदीदार आणि माथाडी एकाच गाळ्यासमोर खेटत राहिले. लागण वाढल्यावर ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर बाजार बंद ठेवून निर्जंतुकीकरण व तपासण्या करण्यात आल्या. माथाडी कामगार मुख्यतः कोपरखैरणे, घणसोलीतल्या छोट्या घरांच्या वसाहतींत राहतात. त्यांतले पुष्कळ मूळचे सातारा-सांगलीकडचे. बाजारातली लागण या घरांत आणि तिथून गावी पोहोचणे अवघड नव्हते. ‘घरातच वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला, खोलीच एक असणाऱ्यांना दिला जात होता.

खाटांचा प्रश्न दोन्ही शहरांनी मोठ्या तात्पुरत्या केंद्रांनी सोडवला. ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हब इमारतीत १,०२४ खाटांचे रुग्णालय जून २०२० मध्ये सुरू झाले. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात सुमारे १,२०० खाटा मांडल्या गेल्या. नवी मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२० मध्ये नेरूळच्या आपल्या रुग्णालयात आरटीपीसीआर प्रयोगशाळा उभारली. तोपर्यंत नमुने बाहेर पाठवून अहवालाची वाट पाहावी लागे. महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपल्याने हा सगळा कारभार प्रशासकाकडे होता. निर्णय झटपट झाले, हे खरे. पण गल्लीतली तक्रार घेऊन जाण्यासाठी नगरसेवक नव्हता, हेही तितकेच खरे. दुसऱ्या लाटेत (२०२१) ऑक्सिजन व रेमडेसिविरचा तुटवडा आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला. २८ एप्रिल २०२१ रोजी मुंब्र्यातील एका खासगी रुग्णालयाला लागलेल्या आगीत चार रुग्ण दगावले. दाटीच्या वस्तीतल्या इमारतींत चालणाऱ्या छोट्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा विषय त्यानंतर काही काळ गाजला.

तात्पुरती केंद्रे गेली तशी त्यांतली कंत्राटी माणसेही गेली. मागे राहिली ती जुनी रुग्णालये, तीही अर्धवट. ठाणेकर ज्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय आधी पूर्णपणे कोविडसाठी राखले गेले, नंतर पुनर्बांधणीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलले. दोन्ही वेळा त्याचा भार आला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयावर. हे ५०० खाटांचे रुग्णालय महापालिकेचे, ठाणे शहराच्या करातून चालणारे. रुग्ण मात्र शहापूर, मुरबाड, पालघरपर्यंतचे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे एका दिवसात १८ रुग्णांचा मृत्यू झाला आणि राज्याने चौकशी समिती नेमली. बरेच रुग्ण अत्यवस्थ होऊन उशिरा आणले गेले, असे प्रशासनाचे म्हणणे होते. ते मान्य केले, तरी उशीर का होतो याचे उत्तर कळव्यात सापडणार नाही. ते शहापूरच्या रस्त्यावर आणि मधल्या रुग्णालयांत आहे.

साथीत खंडलेल्या नेहमीच्या कामांची किंमत हळूहळू दिसू लागली. गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, दुसरी सोळाव्या महिन्यानंतर द्यायची असते. टाळेबंदीत अनेक बाळांची ही वेळ चुकली. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराचा उद्रेक झाला तेव्हा आशा सेविकांना घरोघर फिरून पुरळ असलेली मुले शोधावी लागली आणि जादा लसीकरण करावे लागले. क्षयरोगाचे उलट झाले. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. आजार घटला नव्हता, शोध थांबला होता. भिवंडीचे यंत्रमाग, तुर्भ्याच्या खाणीलगतच्या झोपड्या, मुंब्र्याच्या हवा-उजेड नसलेल्या इमारती अशा ठिकाणी न सापडलेला एक रुग्ण पुढे घरभर आजार देतो.

पावसाळी तापांनी हद्दीचा जुनाच प्रश्न पुन्हा समोर आणला आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. ठाणे महापालिकेतल्या दिवा भागात राहणारा माणूस दिवसभर तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईत असतो. त्याच्या तापाची नोंद मात्र घरच्या पत्त्यावर होते. धूरफवारणीची गाडी दिव्यात येते, पिंपे तिथली तपासली जातात, आणि कारखान्याच्या छतावर साचलेले पाणी दुसऱ्या महापालिकेच्या वहीत असते.