चर्च आणि राजसत्ता यांच्या युतीवरील ख्रिस्ती टीका

राजसत्तेकडून पगार, कर, कायदा किंवा तलवार घ्यायची आणि मोबदल्यात तिच्या कारभाराला देवाचा आशीर्वाद द्यायचा, या चर्चच्या व्यवहाराला खुद्द ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे झालेला विरोध. धर्मनिरपेक्ष राज्याच्या पुरस्कर्त्यांना धर्माच्या हस्तक्षेपापासून राज्य वाचवायचे असते. या टीकाकारांना राज्याच्या सहवासापासून चर्च वाचवायचे आहे. त्यामुळे त्यांच्यात बंडखोर आणि शांततावादी जसे आहेत, तसे कमालीचे कर्मठ बिशपही आहेत.

बायबलमधील आधार दोन्ही बाजूंना सापडतात. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो; प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात तीच साम्राज्यसत्ता समुद्रातून वर येणारे श्वापद होते. ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला’ हे येशूचे उत्तर तर दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने वापरले आहे. टीकाकारांचा भर मुख्यतः तीन ठिकाणांवर असतो: राजा मागणाऱ्या इस्राएलाला शमुवेलाने दिलेला इशारा, पिलातासमोर येशूने ‘माझे राज्य या जगाचे नाही’ असे सांगणे आणि अरण्यातील परीक्षा. या शेवटच्या प्रसंगात जगातील सर्व राज्ये देऊ करणारा सैतान असतो आणि येशू ती नाकारतो. सत्ता वाईट हातांत पडली म्हणून बिघडली, एवढ्यावर हा प्रसंग थांबत नाही. देणगी म्हणूनच ती संशयास्पद ठरते.

कॉन्स्टंटाइननंतर

इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती उपासनेला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली. ३२५ मध्ये निसियाची परिषद सम्राटाने बोलावली आणि ३८० मध्ये सम्राट थिओडोशियसच्या फर्मानाने या परिषदेने ठरवलेली श्रद्धा हा साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. छळ सोसणारा पंथ राजधर्म व्हायला सत्तर वर्षेही लागली नाहीत. विरोधाचा सूरही याच काळात उमटला. ‘सम्राटाचा चर्चशी संबंध काय?’ हा उत्तर आफ्रिकेतील फुटीर बिशप डोनेटस याचा प्रश्न पुढे वारंवार उद्धृत झाला. मात्र आपल्या तंट्यात सम्राटाने निवाडा करावा, अशी पहिली मागणी डोनेटसच्याच पक्षाने केली होती. निकाल विरुद्ध गेल्यावर त्यांना हा प्रश्न सुचला. या सबंध इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. दरबारात स्थान असते तोवर युती खटकत नाही.

प्वातिएचा बिशप हिलरी याने ३६० च्या सुमारास सम्राट कॉन्स्टँशियस दुसरा याच्याविरुद्ध लिहिलेला मजकूर मात्र अधिक खोल जातो. हा शत्रू पाठीवर कोरडे ओढत नाही, पोट कुरवाळतो. तुरुंगात टाकत नाही, महालात मान देऊन गुलाम करतो. तलवारीने मुंडके उडवत नाही, सोन्याने आत्मा मारतो, असे तो म्हणतो. छळापेक्षा आश्रय घातक, हा या परंपरेचा गाभा इतक्या नेमकेपणाने नंतर क्वचितच कोणी मांडला असेल.

३८५ च्या सुमारास ट्रिअर येथे प्रिसिलियन या तपस्वी बिशपाला काही बिशपांच्याच फिर्यादीनंतर राजाज्ञेने देहदंड झाला. तूरचा मार्टिन आणि मिलानचा अँब्रोज या दोघांनी, प्रिसिलियनची मते मान्य नसतानाही, फिर्यादी बिशपांशी धर्मसंबंध ठेवायला नकार दिला. मार्टिनला पुढे दडपणाखाली काही काळ नमते घ्यावे लागले. सम्राट चर्चच्या आत आहे, चर्चच्या वर नाही, असे अँब्रोजने बजावले आणि थेस्सलोनिकातील कत्तलीबद्दल ३९० मध्ये थिओडोशियसला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले. मात्र याच अँब्रोजने दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती जमावाने जाळलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर बांधून देण्याचा सम्राटाचा हुकूम मागे घ्यायला लावला होता. चर्चने राजाला वठणीवर आणले की न्याय होतोच, असे यावरून म्हणता येत नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचेही तसेच. न्याय नसेल तर राज्ये म्हणजे दरोडेखोरांच्या मोठ्या टोळ्या, असे लिहिणाऱ्या ऑगस्टीननेच डोनेटसपंथीयांवर सरकारी सक्ती करण्याचे समर्थन केले.

दानपत्र आणि जाळे

मध्ययुगात पोपच्या ऐहिक सत्तेला ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’, म्हणजे त्या सम्राटाने पोपला पश्चिमेकडील सत्ता बहाल केल्याचे सांगणाऱ्या दस्तऐवजाचा आधार दिला जाई. इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये भाषेच्या पुराव्यावरून ते बनावट ठरवले. पण त्याच्या आधीच, दानपत्र खरे मानणाऱ्या इटालियन कवी दान्तेने या दानातून किती अनर्थ झाला म्हणून नरकवर्णनात हळहळ व्यक्त केली होती. टीकेला दस्तऐवज खोटा असण्याची गरज नव्हती.

बोहेमियातील पेत्र खेल्चित्स्की हा या काळातील सर्वांत परखड टीकाकार. त्याची ओळख आजही फारशी नाही, हे नवलच. श्रद्धेच्या जाळ्यात पोप आणि सम्राट हे दोन प्रचंड देवमासे शिरले आणि त्यांनी ते असे फाडले की धड तुकडेही उरले नाहीत, अशी प्रतिमा त्याने वापरली. चेक धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांनी धर्मरक्षणासाठी शस्त्र उचलले, तेव्हा तो त्यांच्याही विरोधात गेला. चार शतकांनी टॉलस्टॉयने आपल्या अहिंसाविचाराचा पूर्वसूरी म्हणून त्याचा गौरव केला.

धर्मसुधारणेने पोपची सत्ता नाकारली. राजाश्रय मात्र ठेवला. ल्यूथरला जर्मन संस्थानिकांचे संरक्षण होते, झ्विंग्लीला झुरिकच्या नगरपरिषदेचे. त्याच झुरिकमध्ये प्रौढ बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. पुढच्याच महिन्यात श्लाइटहाइम येथे जमलेल्या त्याच्या सहपंथीयांनी तलवार ही ‘ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेर’, म्हणजे ख्रिस्ताच्या अनुयायांनी हाती न घेण्याची, देवाने नेमलेली व्यवस्था आहे, असे जाहीर केले. अर्भकाच्या बाप्तिस्म्यावरून इतका रक्तपात का व्हावा, हे आज पटकन कळत नाही. जन्मतःच प्रजाजन आणि जन्मतःच ख्रिस्ती हे समीकरण त्या बाप्तिस्म्यावर उभे होते. तो नाकारणे म्हणजे राज्याच्या नोंदवहीतून आपले नाव काढणे.

इंग्लंडमध्ये बॅप्टिस्ट टॉमस हेल्विसने १६१२ मध्ये प्रजेच्या आत्म्यावर राजाची सत्ता नाही, असे लिहिले आणि तो तुरुंगात मेला. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले. चर्चची बाग आणि जगाचे रान यांमधील भिंतीची कल्पना त्याने १६४४ मध्ये, अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याच्या कितीतरी आधी, मांडली. त्याची भिंत बागेच्या रक्षणासाठी होती.

कीर्केगॉर

डेन्मार्कमध्ये कोणाचा छळ चालू नव्हता, म्हणूनच तेथील तत्त्वज्ञ सोरेन कीर्केगॉरचा हल्ला वेगळा ठरतो. जानेवारी १८५४ मध्ये बिशप मिन्स्टर वारला आणि ईश्वरशास्त्रज्ञ मार्टेन्सनने त्याला प्रेषितकाळापासून चालत आलेल्या सत्याच्या साक्षीदारांच्या मालिकेत बसवले. सरकारी वेतन, मानमरातब आणि सुखासीन आयुष्य लाभलेल्या माणसाला ही पदवी देणे कीर्केगॉरला असह्य झाले. मार्टेन्सन त्याच वर्षी मिन्स्टरच्या जागी बिशप झाला. वर्षाअखेरीपासून कीर्केगॉरने वृत्तपत्रातून आणि मग स्वतःच्या पत्रकाचे नऊ अंक काढून एकच मुद्दा लावून धरला: जिथे सगळेच सरकारी शिक्क्याने ख्रिस्ती आहेत, तिथे नव्या करारातील ख्रिस्ती धर्म उरलेला नाही. धर्मगुरू हे राजाचे नोकर आहेत म्हणून मृत्युशय्येवर त्याने त्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचे नाकारले. नोव्हेंबर १८५५ मध्ये तो वारला. अंत्यविधी राजाश्रित चर्चनेच केला आणि त्याच्या भाच्याने थडग्यापाशी उभे राहून जाहीर निषेध केला.

विसावे शतक

१९३३ नंतर ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीने प्रोटेस्टंट चर्च नाझी राज्याच्या साच्यात बसवायला घेतले. त्याविरुद्ध २९ ते ३१ मे १९३४ दरम्यान बार्मेन येथे ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त चर्चचे प्रतिनिधी जमले. मुख्यतः स्विस ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्टने लिहिलेल्या तेथील जाहीरनाम्याने दोन दावे फेटाळले: राज्याने मानवी जीवनाची एकमेव सर्वंकष व्यवस्था बनणे आणि चर्चने राज्याचे एक अंग बनणे. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या बार्टला १९३५ मध्ये बॉन विद्यापीठातून काढले गेले. या जाहीरनाम्यात ज्यूंचा उल्लेख नाही. बार्टने पुढे ही आपली चूक असल्याचे कबूल केले. चर्चचे स्वातंत्र्य राखण्यात गुंतलेली टीका शेजाऱ्याला विसरू शकते, याचे हे ठळक उदाहरण. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने मात्र १९३३ मध्येच चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करणे पुरेसे नाही, प्रसंगी चाकच अडवावे लागेल, असे लिहिले होते.

दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला शास्त्राधार पुरवला. शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीय निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर डिसेंबर १९६० मध्ये कॉट्स्लो येथे त्याच्या काही प्रतिनिधींनी वर्णभेदावर टीका करणाऱ्या निवेदनाला संमती दिली. पंतप्रधान फेरवूर्ट यांच्या दडपणानंतर चर्चने ते झिडकारले. त्या प्रतिनिधींपैकी बायर्स नॉडे मागे हटले नाहीत आणि त्यांना पाळकपद सोडावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील ईश्वरशास्त्रज्ञांच्या १९८५ च्या ‘कैरोस’ निवेदनाने यापुढचे पाऊल टाकले. रोमकरांस पत्राचा आधार घेऊन अन्यायाला पाठीशी घालणाऱ्या ‘राज्याच्या ईश्वरशास्त्रा’वर त्याने टीका केलीच, पण न्यायाआधी सलोखा मागणाऱ्या ‘चर्चच्या ईश्वरशास्त्रा’लाही धारेवर धरले. सत्तेपासून नुसते दूर राहणाऱ्याला त्यातून सूट नव्हती.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्य मान्य केले आणि आपल्या साक्षीविषयी शंका येणार असेल तर वैध विशेषाधिकारही सोडण्याची तयारी दाखवली. रशियात पीटर पहिल्याने १७२१ मध्ये पॅट्रिआर्कच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाच्या, जागी सरकारी देखरेखीखालील धर्ममंडळ आणले. सोव्हिएत काळात चर्चने राज्यापुढे पत्करलेल्या शरणागतीचा वाद या वारशातूनच आला. मार्च २०२२ मध्ये पॅट्रिआर्क किरिल युक्रेन युद्धाला धार्मिक पाठिंबा देत असताना सुमारे ३०० रशियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी युद्ध थांबवण्याचे आवाहन केले.

आक्षेप

ऑलिव्हर ओडोनोव्हन आणि पीटर लायहार्ट यांच्यासारखे अभ्यासक चौथे शतक म्हणजे निव्वळ अधःपतन मानत नाहीत. राजा ख्रिस्ती झाला, तर त्याने दुबळ्यांच्या बाजूने कायदे करू नयेत का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड नसला तरी टाळण्यासारखा नाही. दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे: तलवार नाकारणारे पंथही दुसऱ्याच्या तलवारीने राखलेल्या शांततेतच जगतात. शिवाय युती तोडणारे सगळे एका मताचे नव्हते. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून साडेचारशेहून अधिक पाळक घर आणि वेतन सोडून बाहेर पडले. त्यांचा नेता टॉमस चामर्स याला मात्र राज्याने चर्चला पोसणे मान्यच होते. आक्षेप होता तो चर्चच्या कारभारातील ढवळाढवळीला.

स्वीडनने २००० मध्ये चर्चशी असलेले अधिकृत नाते सोडवले. जर्मनीत १९१९ पासून राजचर्च नाही. चर्चकर मात्र बहुतेक ठिकाणी आजही सरकारी करखातेच गोळा करते आणि त्यावर तेथील ख्रिस्ती लोकांतच वाद आहे. इंग्लंडमध्ये २६ बिशप पदसिद्ध अधिकाराने संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसतात.