फुटबॉल व्यवस्थापन खेळातील गुणांकाधारित खेळाडूनिवड

फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक होऊन संगणकावर खेळायच्या खेळात प्रत्येक खेळाडूला अंकांत दिलेले गुण वाचून कोणाला करारबद्ध करावे, कोणाला मैदानात उतरवावे आणि कोणाला विकावे हे ठरवण्याच्या पद्धतीस गुणांकाधारित खेळाडूनिवड म्हणतात. या प्रकारच्या खेळात चेंडू कळा दाबून हलवायचा नसतो. संघ निवडणे, डावपेच आखणे, सराव ठरवणे आणि पैशाचा मेळ घालणे एवढेच खेळणाऱ्याच्या हाती असते. प्रत्यक्ष सामना आतली गणनयंत्रणा, म्हणजे मॅच इंजिन, चालवते. त्यामुळे माणसे पारखण्यात जो चुकला त्याला डावपेचांनी फारसे सावरता येत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचकाच्या हाती या प्रकारातली जी मालिका पडण्याचा संभव सर्वाधिक, ती ‘फुटबॉल मॅनेजर’ समोर ठेवून ही नोंद लिहिली आहे.

‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाचा पहिला खेळ केव्हिन टॉम्स यांनी 1982 मध्ये काढला. आजच्या मालिकेचा वंश मात्र वेगळा आहे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलिअर या इंग्रज भावांनी घरी रचलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ 1992 मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत खऱ्या खेळाडूंची नावे आली. त्यांच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीची जुन्या प्रकाशकापासून फारकत झाली, तेव्हा जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि 2004 पासून सेगा या नव्या प्रकाशकाच्या छत्राखाली ‘फुटबॉल मॅनेजर’ हे नाव रुळले. जगभरच्या क्लबांचे सामने पाहून गुणांक सुचवणारे हजाराहून अधिक संशोधक या मालिकेमागे काम करतात. इंग्लंडमधील एव्हर्टन या क्लबने 2008 मध्ये ही माहिती वापरण्याचा करार केला होता, यावरून या आकड्यांना खेळाबाहेरही किती वजन आले हे कळते.

प्रत्येक गुणाला 1 ते 20 या पट्टीवर अंक दिलेला असतो. मैदानी खेळाडूचे असे 36 गुण पडद्यावर दिसतात : पासिंग, टॅकलिंग, फिनिशिंग, फर्स्ट टच यांसारखे 14 तांत्रिक, डिसिजन्स (निर्णय), अँटिसिपेशन (पुढचे आधी ओळखणे), कंपोझर (दडपणातला शांतपणा), वर्क रेट (मेहनत) यांसारखे 14 मानसिक, आणि पेस, अ‍ॅक्सेलरेशन, स्टॅमिना, स्ट्रेंथ यांसारखे 8 शारीरिक. गोलरक्षकाला तांत्रिक गुणांच्या जागी हँडलिंग, रिफ्लेक्सेस, एरियल रीच, कमांड ऑफ एरिया असा स्वतंत्र संच असतो. ही पट्टी साऱ्या जगाला एकच आहे, हे नवख्याच्या ध्यानात बहुधा उशिरा येते. पासिंगचे 12 इंग्लंडच्या खालच्या विभागात संघाचा कणा ठरतात, तर तेच 12 चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या क्लबात राखीव बाकावरही शोभत नाहीत. म्हणून आकडा चांगला की वाईट हे आपण कोणत्या लीगमध्ये खेळतो आणि समोरचे संघ किती बळकट आहेत, यावरूनच ठरवावे लागते.

सर्व गुणांची बेरीज करून मोठी बेरीज असलेला खेळाडू घेणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा जो बाजार भरतो, तिथे जाणता गिऱ्हाईक घोडा टांग्याला हवा, वरातीला हवा की शर्यतीला, हे मनाशी पक्के करूनच दात आणि चाल पाहतो. खेळाडूनिवडीतही आधी काम ठरते आणि मग गुण पाहिले जातात. खेळात या कामाला रोल म्हणतात. एकाच मधल्या फळीत कोणी चेंडू हिसकावून घेणारा असतो, कोणी मागे राहून लांब पास टाकणारा, तर कोणी प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत धावून परतणारा. रोल निवडला की त्याला अत्यावश्यक आणि पूरक असलेले गुण पडद्यावर वेगळ्या रंगांत उठून दिसतात. ही रंगखूण चांगली वाटाड्या आहे, पण ती तिथवरच घ्यावी, कारण न रंगवलेला गुण कामाचा नसतो असे ती सांगत नाही.

मध्यरक्षकाचे म्हणजे सेंटर बॅकचे एक कल्पित उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एका उमेदवाराचे टॅकलिंग 15, मार्किंग 15, स्ट्रेंथ 15, पण पोझिशनिंग 9, अँटिसिपेशन 9 आणि कॉन्सन्ट्रेशन 8 आहे. दुसऱ्याचे पहिले तिन्ही गुण 12 असून पोझिशनिंग, अँटिसिपेशन आणि कॉन्सन्ट्रेशन 14 आहे. या सहा गुणांची बेरीज पहिल्याची 71 आणि दुसऱ्याची 78 येते. पण घाईत पाहणाऱ्याच्या नजरेत तीन वेळा लिहिलेले 15 भरतात आणि तो पहिल्याला उचलतो. सामन्यात असे होते की पहिल्यापाशी चेंडू आला तर तो हिसकावून घेतो, पण चेंडू त्याच्यापाशी येतच नाही; तो चुकीच्या जागी उभा असतो, आघाडीवीर त्याच्या पाठीमागून निसटतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत लक्ष ढळले की गोल होतो. दुसऱ्याला टॅकल करण्याची वेळच कमी येते, कारण पास निघण्यापूर्वी तो वाटेत उभा असतो. संरक्षक निवडताना आधी उभे राहण्याची आणि ओळखण्याची जाण पाहावी आणि मग झुंजण्याची ताकद, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

काही गुण जोडीनेच वाचावे लागतात. हेडिंग 17 असलेला आघाडीवीर हवेतल्या चेंडूंसाठी घ्यायचा आणि त्याचे जंपिंग रीच 8 आहे याकडे दुर्लक्ष करायचे, हा प्रकार सर्रास घडतो. हेडिंग म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचे कसब आणि जंपिंग रीच म्हणजे डोके किती उंचीवर पोहोचते ते. पोहोचच नसेल तर कसब वापरायला चेंडू लाभत नाही. लांबचा मोकळा साथीदार दिसतो व्हिजनमुळे, त्याला पास द्यावा की नाही हे ठरते डिसिजन्समुळे, आणि चेंडू त्याच्या पायाशी पोहोचतो पासिंग व टेक्निकमुळे. यातला एक दुवा कच्चा असला तरी बाकीचे वाया जातात. ऑफ द बॉल हा गुण चढाईच्या वेळी मोकळी जागा शोधण्याचा, तर पोझिशनिंग संरक्षणाच्या वेळी जागा धरण्याचा; आघाडीवीराचे पोझिशनिंग 4 आहे म्हणून त्याला नाकारणे चुकीचे आहे. अ‍ॅग्रेशनचाही असाच गैरसमज होतो. त्याचा अर्थ आडदांडपणा नव्हे. झटापटीत स्वतःहून पडण्याची वृत्ती तो दाखवतो, आणि आडदांडपणाचा गुण वेगळा असून तो लपवलेला असतो. कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी आणि लांब थ्रो या गुणांसाठी संघात एकेक जाणकार असला की पुरे.

वेगाविषयी मात्र आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. खेळणाऱ्यांनी एकेक गुण वाढवून घटवून शेकडो सामने यंत्राकडून खेळवून घेतले आहेत, आणि अशा चाचण्यांत अ‍ॅक्सेलरेशन व पेस यांचा निकालावरचा प्रभाव पुन्हा पुन्हा ठळकपणे दिसला आहे. खालच्या विभागातल्या आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या क्लबाने बाजूच्या फळीत आधी हे दोन गुण पाहावेत, हा सल्ला म्हणूनच रास्त आहे. परंतु वेग सर्वांना दिसतो आणि त्याची किंमतही सर्वांना मोजावी लागते. शिवाय वय तिशीपलीकडे झुकले की शारीरिक गुण आधी उतरतात, मानसिक गुण बराच काळ टिकतात. एकतिशीच्या विंगरवर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूवर, चार वर्षांचा करार करण्यापूर्वी त्याचे नॅचरल फिटनेस (शरीर टिकून राहण्याची क्षमता) पाहणे यासाठी आवश्यक असते.

पडद्यावर जे दिसते त्याखेरीज बरेच काही आकड्यांत साठवलेले पण झाकलेले असते. सातत्य, मोठ्या सामन्यांतली कामगिरी, दुखापतींची प्रवृत्ती, आडदांडपणा आणि वेगवेगळ्या जागी खेळण्याची लवचीकता हे त्यांपैकी काही; व्यावसायिक शिस्त, महत्त्वाकांक्षा, निष्ठा, दडपण पेलण्याची शक्ती, मनाचा तोल, नव्या देशात रुळण्याची क्षमता हे स्वभावाचे गुणही त्यात येतात. सातत्य नसलेला 16 चा खेळाडू कित्येक सामन्यांत 16 सारखा खेळतच नाही. स्वभावाचे आकडे थेट दाखवले जात नाहीत, पण खेळाडूच्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन दोनतीन शब्दांत लिहिलेले असते आणि स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखायला पाठवलेल्या माणसाच्या, अहवालातील जमेच्या व उण्या बाजूंतून बाकीचा अंदाज बांधता येतो. तरुण खेळाडू घेताना व्यावसायिक शिस्तीला अग्रक्रम द्यावा. सरावातून गुण वाढण्याचा वेग तिच्यावर फार अवलंबून असतो, आणि आळशी स्वभावाचा हुशार पोरगा बाविसाव्या वर्षीही तिथेच राहिलेला दिसतो.

या सर्वांच्या मुळाशी आणखी दोन झाकलेले आकडे असतात : सध्याची क्षमता आणि संभाव्य क्षमता. दोन्ही 200 पर्यंतच्या पट्टीवर मोजतात. सध्याची क्षमता ही जणू खर्चायची रक्कम असून ती गुणांत वाटली जाते, आणि कोणत्या गुणाला किती रक्कम लागते हे खेळाडूच्या जागेवर ठरते. आघाडीवीराला फिनिशिंग महाग पडते, मार्किंग स्वस्त. दोन्ही पायांनी सारखा खेळणारा खेळाडू या रकमेचा काही भाग कमकुवत पायावर खर्च करतो, म्हणून तितक्याच क्षमतेच्या पण एकाच पायाने सफाईने खेळणाऱ्या खेळाडूपेक्षा त्याचे इतर आकडे कमी दिसतात. संभाव्य क्षमता म्हणजे वाढीची कमाल मर्यादा. कोवळ्या वयाच्या खेळाडूंबाबत संशोधक कधीकधी निश्चित आकड्याऐवजी ऋण चिन्हाचा आकडा देतात. अशा वेळी ठरावीक पट्ट्यातली कोणतीही मर्यादा प्रत्येक नव्या डावात नव्याने निघते. एका मित्राच्या डावात जगज्जेता झालेला मुलगा दुसऱ्याच्या डावात साधा राहतो, त्याचे एक कारण हे आहे. मर्यादा गाठलीच जाईल याची हमी कोठेही नसते. खऱ्या जगातही ती नव्हती : चेर्नो सांबा आणि फ्रेडी अडू हे या खेळांनी उद्याचे महान खेळाडू म्हणून नावारूपाला आणले, पण दोघांचीही प्रत्यक्ष कारकीर्द त्या उंचीपर्यंत गेली नाही. क्षमता दाखवण्यासाठी पडद्यावर खेळाडूच्या नावापुढे दिसणारे तारे तर याहूनही सापेक्ष आहेत. ते आपल्याच संघातल्या खेळाडूंच्या तुलनेत दिलेले असतात, म्हणून क्लब बदलला की त्याच माणसाचे तारे बदलतात.

अनोळखी खेळाडूचे गुण सुरुवातीला पूर्ण दिसत नाहीत. काही रिकामे असतात, काही 9 ते 14 अशा पट्ट्यात असतात. स्काउट पाठवून माहिती वाढली की पट्टा आकसत जातो. स्काउटलाही क्षमता आणि भावी वाढ ओळखण्याचे गुण असतात, त्यामुळे स्वस्तातला स्काउट ठेवून महागडा खेळाडू घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. डाव सुरू करतानाच हे झाकण काढून टाकण्याची सोय आहे. प्रस्तुत लेखकाला ती वापरावीशी वाटत नाही, कारण अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्यात या खेळाचा खरा कस आहे.

खानदेशात हा खेळ रुजण्यास अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही गोष्टी आहेत. इथल्या मैदानांवर क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि कुस्तीचा जोर असून इंडियन सुपर लीग या भारतातील फुटबॉल स्पर्धेत खानदेशचा क्लब नाही. महाराष्ट्रातून 2014 च्या पहिल्या हंगामात मुंबई सिटी आणि पुणे सिटी उतरले. पुण्याचा क्लब 2019 मध्ये बंद झाला. भुसावळचा किंवा अमळनेरचा विद्यार्थी युरोपातल्या फुटबॉलशी जोडला जातो तो दूरचित्रवाणीमुळे आणि अशा खेळांमुळे. झगमगीत चित्रणाची गरज नसल्याने जुन्या आवृत्त्या अभ्यासासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतात, तर मोबाइल आवृत्तीत गुण कमी आणि निवड सुटसुटीत असते. मित्रमंडळींत एकाच संगणकावर किंवा जोडणी करून खेळताना खेळाडूविषयीचा वाद अहिराणीत रंगतो, पण गुणांची नावे मात्र पडद्यावरचीच राहतात.

भारतीय क्लब घेऊन डाव मांडणाऱ्याला निवडीची वेगळी शिस्त पाळावी लागते. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बंधन असल्याने त्या मोजक्या जागा सामन्याचा कणा असलेल्या ठिकाणी, म्हणजे सेंटर बॅक, मधली फळी आणि आघाडीवीर यांसाठी राखणे श्रेयस्कर असते. बाजूच्या फळीत वेगवान आणि वर्क रेट चांगला असलेले भारतीय तरुण मिळू शकतात. तांत्रिक गुण बेताचे असलेल्या लीगमध्ये टीमवर्क, स्टॅमिना आणि डिटरमिनेशन यांना युरोपातल्यापेक्षा अधिक मोल येते, कारण शेवटच्या वीस मिनिटांत दमलेले संघ विस्कळीत होतात. ज्यांना जळगाव किंवा नंदुरबारच्या नावाचाच क्लब हवा असतो त्यांच्यासाठी माहितीसंपादक उपलब्ध आहे; त्यात क्लब, मैदान आणि खेळाडू घडवता येतात. गावातल्या ओळखीच्या मुलांना भरभरून 15 आणि 16 देण्याचा मोह तिथे आवरावा लागतो, नाहीतर पहिल्याच हंगामात सारी लीग एकतर्फी होते.

2025 ची आवृत्ती कंपनीने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये युनिटी या नव्या प्रणालीवर उभी केलेली ‘फुटबॉल मॅनेजर 26’ आणली. तिच्यात महिलांचे फुटबॉल प्रथमच आले. चेंडू ताब्यात असताना एक आणि नसताना दुसरा असे दोन रोलही प्रत्येक खेळाडूला देता येऊ लागले. त्यामुळे गुणपत्रिका दोनदा वाचावी लागते : चढाईत मधल्या फळीकडे सरकणाऱ्या फुलबॅकला (बाजूच्या संरक्षकाला) पासिंग आणि कंपोझर लागते, पण चेंडू गेल्यावर त्यालाच पुन्हा बाजू सांभाळायची असल्याने अ‍ॅक्सेलरेशन, पोझिशनिंग आणि स्टॅमिना यांतही तो उणा असून चालत नाही. असे दोन्हीकडे पुरे पडणारे खेळाडू थोडे आणि महाग असतात. ज्या क्लबाला ते परवडत नाहीत त्याने फुलबॅकला दोन्ही वेळी बाजूलाच ठेवणारा सोपा रोल द्यावा आणि वाचलेले पैसे सेंटर बॅकवर लावावेत.