तेर्ये विगेन

हेन्रिक इब्सेन यांच्या याच नावाच्या कथाकाव्यावर बेतलेला स्वीडिश मूकपट (१९१७). दिग्दर्शन व्हिक्टर स्योस्त्रोम यांचे आणि तेर्येची भूमिकाही त्यांचीच. पटकथा गुस्ताफ मोलांडेर, छायालेखन युलिउस येन्सोन. लांबी तासाभराच्या आसपास.

मराठी वाचक इब्सेनना ओळखतो तो नाटककार म्हणून. नॉर्वेत मात्र १८६२ साली प्रसिद्ध झालेले हे काव्य पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रज आरमाराने नॉर्वेच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली, तेव्हा उपासमार सुरू झाली. १८०९ साली तेर्ये हा खलाशी बायको आणि तान्ह्या मुलीसाठी धान्य आणायला एकटाच होडी वल्हवत डेन्मार्कला जातो. तीन पिंपे जव घेऊन परतताना, घर अगदी दृष्टीच्या टप्प्यात असताना, इंग्रज जहाज त्याला गाठते. तो गुडघे टेकून विनवतो. तरुण कप्तान दाद देत नाही. जव समुद्रात बुडते आणि तेर्ये इंग्लंडच्या तुरुंगात जातो. १८१४ मध्ये तो सुटून येतो, तोवर दोघीही भुकेने गेलेल्या असतात. पुढे तो जहाजांना वाट दाखवणारा पायलट होतो आणि एका वादळात तोच कप्तान, बायको-मुलीसह, त्याच्या हाती सापडतो. सूड घ्यायला आता कुणाचाच अडसर नसतो. त्याला थांबवते ती त्या लहानग्या मुलीची नजर.

चित्रपटात संवादांच्या पाट्यांऐवजी मुख्यतः इब्सेनच्या ओळीच येतात. गोष्ट सांगायचे काम कविता करते, त्यामुळे नटांवर हातवारे करून सगळे समजावण्याची पाळी येत नाही. म्हणूनच स्योस्त्रोम यांचा अभिनय त्या काळाच्या मानाने विलक्षण संयत वाटतो. आणि समुद्र! रंगवलेले पडदे बाजूला सारून येन्सोन यांनी कॅमेरा उघड्या किनाऱ्यावर नेला. छोट्या होडीचा पाठलाग आणि खडकांवर फुटणाऱ्या लाटांसमोर उभा म्हातारा तेर्ये ही दृश्ये चित्रपटाचा कळस आहेत. माणसाच्या मनातली खळबळ निसर्गातून दाखवण्याची स्वीडिश चित्रपटाची पुढे गाजलेली रीत इथे प्रथमच एवढ्या ताकदीने दिसते.

खर्च सुमारे ६०,००० क्रोनर झाला. तेव्हाच्या नेहमीच्या खर्चाच्या जवळजवळ तिप्पट. यश मिळाल्यावर स्वेन्स्का बिओ या निर्मितीसंस्थेने थोडे पण मोठ्या ताकदीचे चित्रपट काढण्याचे धोरण धरले. स्वीडिश मूकपटांचे सुवर्णयुग इथपासून मोजतात. कप्तानाच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या एडिथ एरास्टॉफ पुढे स्योस्त्रोम यांच्या पत्नी झाल्या.