विद्यार्थ्यांसाठी मोफत कोड एडिटर : पात्रता, कागदपत्रे आणि टर्मिनलवरून सुरू करण्याची पद्धत

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरायला कुठलाही अर्ज करावा लागत नाही. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने तो आणला तेव्हापासून तो सगळ्यांना फुकट आहे, तुम्ही विद्यार्थी असा किंवा नसा. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण कॉलेजं सुरू झाली की 'एडिटरचं लायसन्स कसं काढायचं' हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्या निम्म्या मुलांना खरं तर लायसन्स लागतच नसतं. कोणी काढून देतो म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

अर्ज लागतो तो दोन गोष्टींसाठी. पहिली, गिटहबचा (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) स्टुडंट डेव्हलपर पॅक. हा २०१४ पासून सुरू आहे आणि त्यात बऱ्याच सशुल्क सेवा विद्यार्थ्यांना मोफत किंवा सवलतीत मिळतात. दुसरी, जेटब्रेन्स या एडिटर बनवणाऱ्या कंपनीचा शैक्षणिक परवाना, म्हणजे पायचार्म, इंटेलिजे यांसारख्या एडिटरांची पूर्ण आवृत्ती. या दोघांची मूळ आवृत्ती आता कोणालाही फुकट मिळते. पहिल्या वर्षाच्या पायथॉनला ती पुरेशी आहे. डेटाबेस आणि वेब फ्रेमवर्कच्या सोयी हव्या असतील, तेव्हाच परवान्याच्या मागे लागा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गिटहब, मग जेटब्रेन्स. गिटहबने तुम्हाला विद्यार्थी म्हणून मान्य केलं की जेटब्रेन्सच्या अर्जात 'गिटहब' हा पर्याय निवडता येतो आणि कागदपत्रं पुन्हा द्यावी लागत नाहीत.

पात्रता

वय किमान १३ वर्षं हवं आणि सध्या पदवी, पदविका किंवा शाळा-ज्युनिअर कॉलेजमध्ये प्रवेश असायला हवा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातलं बीएससी आयटी असो, ऐरोली-नेरूळकडचं इंजिनिअरिंग असो की तंत्रशिक्षण मंडळाचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, सगळे चालतात. जेटब्रेन्सची एक जादा अट आहे : अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचा आणि पूर्णवेळ किमान एक वर्षाचा हवा. त्यामुळे नुसता खाजगी क्लास लावला असेल तर त्याच्या पावतीवर परवाना मिळत नाही, मग तो क्लास कितीही नावाजलेला असो. पास आउट झालेल्यांनाही नाही. इयर डाउन असलेल्यांना त्या वर्षी कॉलेज बोनाफाईड देत नसेल, तर पुन्हा प्रवेश होईपर्यंत थांबावं लागेल.

कागदपत्रे

गिटहबला हवा असतो तुम्ही आत्ता शिकत आहात याचा पुरावा. चालू वर्षाची तारीख असलेलं ओळखपत्र, वेळापत्रक, मार्कशीट किंवा कॉलेजचं पत्र यांपैकी काहीही चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच ओळखपत्रांवर मात्र नुसती बॅच छापलेली असते, नाहीतर वैधता मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : सरळ बोनाफाईड काढा आणि इंग्रजीत काढा. रेल्वे पासाच्या कन्सेशनसाठी ज्या खिडकीवर उभे राहता, बहुतेक ठिकाणी तिथेच ते मिळतं. सोबत चालू वर्षाची फी पावती आणि ओळखपत्र न्या. पत्रावर शैक्षणिक वर्ष, तारीख, शिक्का आणि सही या चारही गोष्टी आहेत ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी बघा.

आधार कार्ड अपलोड करू नका. त्यावरून तुम्ही विद्यार्थी आहात हे सिद्ध होत नाही, आणि नको तिथे आधारची प्रत जाते ती जातेच.

आता ज्यात सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते, म्हणजे नाव. आपल्या कॉलेजांच्या कागदांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि कित्येकदा शेवटी आईचं नाव असतं. गिटहबच्या खात्यावर मात्र मुलांनी लाडाचं नाव नाहीतर गेमिंगचं टोपणनाव ठेवलेलं असतं. माझ्या मामेबहिणीचा अर्ज दोनदा परत आला तो याच कारणाने. कॉलेजने आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घातला होता आणि हिने खात्यावर तो घातला नव्हता. कार्यालयात स्पेलिंग दुरुस्त करून घ्यायला आठवडा गेला. तुम्ही उलट करा : बोनाफाईडवर जे नाव, जशा स्पेलिंगने छापलंय, तसंच ते गिटहबच्या प्रोफाइलमध्ये आणि बिलिंगच्या माहितीत भरा. युजरनेम काहीही असू दे, त्याला हात लावायची गरज नाही.

अर्ज भरताना

खात्यावर टू-फॅक्टर लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन, आधी चालू करा. ते करताना मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून घरी ठेवा, कारण मोबाइल हरवला तर खात्यात परत शिरायला तेच कामी येतात.

अर्ज कॉलेजच्या आवारात बसूनच भरा. फॉर्म ब्राउझरकडून तुमचं ठिकाण मागतो आणि ते कॉलेजच्या जवळचं असावं अशी अपेक्षा असते. कळव्याच्या घरी बसून ऐरोलीच्या कॉलेजचा अर्ज भरलात तर अडचण येऊ शकते. व्हीपीएन बंद ठेवा. कागदाचा फोटो शक्यतो तिथल्या तिथे कॅमेऱ्याने काढायचा असतो, म्हणून मोबाइलवरून भरणं सोपं जातं. बोनाफाईड खिडकीजवळ उजेडात सपाट धरा, चारही कोपरे फोटोत येऊ द्या. लॅमिनेशन केलेल्या ओळखपत्रावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते आणि नेमकी तारीखच त्याखाली जाते.

मंजुरीचा ईमेल आला तरी सवलती खात्यात दिसायला थोडा वेळ लागतो. त्या काळात दुसरा अर्ज टाकू नका.

टर्मिनलवरून सुरू करणे

एडिटर मिळाला की बहुतेक जण त्याचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवतात आणि थांबतात. माझ्या मते खरी सोय पुढे आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तुम्ही प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच उभे असता. तिथे इंग्रजी छोट्या अक्षरांत 'कोड' लिहून, एक स्पेस देऊन टिंब दिलं की तेच फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडतं. टिंब म्हणजे 'मी आत्ता आहे ते फोल्डर'. फाइल मेनूतून सात क्लिक करत जायची गरज राहत नाही.

विंडोजवर इन्स्टॉल करताना 'पाथमध्ये जोडा' (पाथ म्हणजे संगणक आज्ञा जिथे शोधतो त्या फोल्डरांची यादी) ही खूण आधीच केलेली असते, ती काढू नका. लिनक्सवर पॅकेज टाकलं की आज्ञा आपोआप मिळते. मॅकवर मात्र व्हीएस कोडमधली कमांड पॅलेट (आज्ञा शोधायची पट्टी) उघडून 'शेल कमांड' शोधायचं आणि 'कोड' ही आज्ञा पाथमध्ये बसवायची. विंडोजवर इन्स्टॉलनंतर जुनी टर्मिनल खिडकी बंद करून नवी उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवा पाथ ठाऊक नसतो आणि 'आज्ञा सापडली नाही' असं येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर व्हीएस कोडचा 'युजर इन्स्टॉलर' घ्या, त्याला ती परवानगी लागत नाही.

जेटब्रेन्ससाठी टूलबॉक्स नावाचं छोटं ॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये शेल स्क्रिप्टचं, म्हणजे एडिटर उघडणाऱ्या छोट्या आज्ञा-फाइलींचं, फोल्डर दिसतं. ते पाथमध्ये असलं की पायचार्मही त्याच्या नावाने टर्मिनलवरून उघडतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे हुशार मुलंही गोंधळतात. गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन आहे. त्यात कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करताना संदेश लिहायला गिट स्वतः एडिटर उघडतो आणि तो बंद व्हायची वाट बघतो. खिडकीवाला एडिटर आज्ञा मिळताच खिडकी उघडतो आणि टर्मिनलला लगेच 'झालं' म्हणून कळवतो. गिटला वाटतं, तुमचं लिहून झालं. तो फाइल बघतो, ती रिकामी असते, आणि 'संदेश रिकामा असल्याने कमिट रद्द' अशी ओळ येते. तुम्ही तिकडे खिडकीत अजून पहिला शब्द टाइप करत असता. उपाय छोटा आहे : गिटच्या कॉन्फिगमध्ये 'कोअर डॉट एडिटर'ची किंमत नुसती 'कोड' न ठेवता 'कोड', स्पेस, दोन डॅश आणि 'वेट' अशी ठेवा, आणि ती दुहेरी अवतरणात लिहा. मग तुम्ही त्या फाइलचा टॅब बंद करेपर्यंत गिट थांबून राहतो.

दुसरा नेहमीचा अडथळा सर्व्हरचा. एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलवरून शिरायची पद्धत) कॉलेजच्या सर्व्हरवर शिरून तिथे जीएडिटसारखा खिडकीवाला एडिटर उघडायला गेलात, तर 'डिस्प्ले उघडता येत नाही' असं उत्तर मिळतं. त्या यंत्राला तुमचा पडदा दिसतच नसतो. तिथे टर्मिनलच्या आतच चालणारा नॅनो हा एडिटर वापरा, नाहीतर आपल्या लॅपटॉपवरच्या व्हीएस कोडमध्ये 'रिमोट एसएसएच' हे एक्स्टेन्शन (जोडणी) टाका, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली तिथेच उघडतात.

सेटिंग

व्हीएस कोडची सेटिंग जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, आणि अशा फाइली दोन असतात. एक तुमची स्वतःची, सगळ्या प्रकल्पांना लागू होणारी. दुसरी प्रकल्पाच्या आत, 'डॉट व्हीएसकोड' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि त्या प्रकल्पापुरती तिचा शब्द वरचढ ठरतो. चौघांनी मिळून प्रोजेक्ट करत असाल तर टॅबची रुंदी दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे एकाच्या चार स्पेस आणि दुसऱ्याच्या दोन असा घोळ होणार नाही. फॉन्ट आणि रंग मात्र स्वतःच्या फाइलमध्येच असू द्या.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर फॉन्टच्या ओळीत आधी नेहमीचा इंग्रजी फॉन्ट, मग स्वल्पविराम, मग 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' लिहा. हे फॉन्ट आधी संगणकावर टाकलेले हवेत. पहिल्यात जे अक्षर नसेल ते एडिटर दुसऱ्यातून घेतो, आणि जोडाक्षरं नीट दिसतात.

जेटब्रेन्सचा परवाना एक वर्षाचा असतो आणि फक्त बिगर-व्यावसायिक कामाला चालतो. इंटर्नशिपमध्ये कंपनीचं पगारी काम करताना तो वापरता येत नाही, तिथे कंपनीचा परवाना मागा. मुदत संपताना विद्यार्थी असल्याची पडताळणी पुन्हा होते, म्हणून नव्या वर्षाची फी भरली की त्याच आठवड्यात नवं बोनाफाईड काढून ठेवा.