ताणजन्य जठरव्रण व मनोविकारांवरील औषधे (प्राणिप्रयोग)

उपाशी पांढऱ्या उंदराला काही तास जखडून ठेवले की जठराच्या अस्तरावर काळपट, रेषेसारखे व्रण उमटतात. ताण आणि जठरव्रण यांचा हा संबंध ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडला. पुढे मनोविकारांवरील औषधे पारखण्यासाठी हाच प्रयोग वापरात आला.

साधारण २०० ग्रॅमचे उंदीर २४ तास उपाशी ठेवतात. पाणी मात्र देतात. पिंजऱ्याचा तळ जाळीचाच हवा, नाहीतर उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात आणि उपास मोडतो. औषध पोटात टोचल्यास अर्धा तास, तोंडाने दिल्यास तासभर आधी देतात. मग उंदीर घट्ट जाळीत बांधून ४ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास, किंवा सुमारे २३ अंशांच्या पाण्यात छातीपर्यंत बुडवून सात तास ठेवतात. शेवटी जठर मोठ्या वक्राच्या (बाहेरच्या फुगीर कडेच्या) बाजूने उघडून व्रणांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. उंदराच्या जठराचा पुढचा भाग ग्रंथीविरहित असतो. तिथले ओरखडे या बेरजेत धरायचे नसतात. नवखे नेमके तिथेच चुकतात. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे.

इमिप्रामिन, अॅमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन या नैराश्यावरील औषधांनी व्रण कमी होतात, चिंता घटवणाऱ्या डायझेपामनेही होतात. पण म्हणून उंदराचे मन शांत झाले असे म्हणता येत नाही. हिस्टामिन व अॅसिटिलकोलिन ही शरीरातली रसायने जठराला आम्ल स्रवायला लावतात. डॉक्सेपिन आणि त्याच गटातले ट्रायमिप्रामिन हिस्टामिनचे एच-२ ग्राही (पेशींवरील त्याची ग्रहणस्थाने) अडवतात, शिवाय अॅसिटिलकोलिनलाही रोखतात. म्हणजे आम्ल थेट जठरातच घटते. नैराश्य उतरायला आठवडे लागतात, इथे तर एकच मात्रा तासाभरात काम करते! तीव्र मनोविकारांवरील क्लोरप्रोमाझीनबाबत आणखी एक घोळ आहे. ते शरीराची उष्णता टिकवू देत नाही आणि थंडीने व्रण वाढतात, म्हणून गुदाशयाचे तापमान न नोंदता काढलेला निष्कर्ष कुचकामी. सर्पगंधेतले रिसर्पिन तर जास्त मात्रेत स्वतःच व्रण पाडते.

हे व्रण उथळ असतात, थोड्या दिवसांत भरतात. माणसाच्या जुनाट अल्सरमागे बहुधा हेलिकोबॅक्टर जिवाणू किंवा वेदनाशामके असतात. त्यामुळे या प्रयोगाचे साम्य अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या जठरातील रक्तस्रावाशी अधिक आहे. उलट फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरील औषधे रक्तबिंबिकांमधले (प्लेटलेट्समधले) रक्त गोठायला मदत करणारे सेरोटोनिन घटवतात. ती आयबुप्रोफेन या वेदनाशामकासोबत घेतल्यास माणसात जठरातून रक्तस्रावाची शक्यता वाढते.