पद्मपाणी, मेजर गिल आणि दोन आगी

आपल्याकडं मेजर गिल या इंग्रज साहेबाचं नाव निघालं की लगेच त्याच्या प्रेयसीचं, पारोचं नाव येतं. अजिंठा, सिल्लोड, फर्दापूर, कुठंही विचारा, ही गोष्ट सांगणारं कुणीतरी भेटतंच. पण हा माणूस इथं कशासाठी आला होता आणि त्याच्या कामाचं पुढं काय झालं हे फार कमी लोक सांगतात. मला तर तेच जास्त अस्वस्थ करतं.

आधी चित्र बघू. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेणीतला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. सगळे चेहराच बघतात, डोळे बघतात, पण जरा थांबून कमळ धरलेली बोटं बघा, इतकी हलकी की देठाला त्रास होऊ नये. आणि हे सगळं कशावर काढलंय तर मातीच्या लेपावर! टाकीनं खडबडीत केलेल्या दगडावर माती, त्यात भाताचं तूस, गवताचे धागे, वरून चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, आणि निळ्यासाठी लांबून आणलेला लाजवर्द दगड. म्हणजे रंग दगडात मुरलेलाच नाही, लेप सुटला की चित्र गेलं.

1819 ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. दहा नंबरच्या लेणीत चित्र असलेल्या खांबावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून आहे. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चित्रांचे तुकडे काढून न्यायला सुरुवात केली. 1843 मध्ये जेम्स फर्ग्युसननं लंडनला लेण्यांवर निबंध वाचला, चित्रं नष्ट व्हायच्या आत नकला करून घ्या असा आग्रह धरला गेला, आणि 1844 ला कंपनी सरकारनं मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला या कामावर नेमलं. तेव्हा तो चाळिशीत होता.

अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहायचा असं सांगतेत. तिथून घाट उतरायचा, अंधाऱ्या लेणीत मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करायच्या, उन्हाळा असो की पाऊस, मधी आजारपणं, आणि वर्षामागून वर्षं हेच. बायको असलेला माणूस, पण इथं पारोत जीव गुंतला. 23 मे 1856 ला ती गेली, 'माझी लाडकी पारो' अशा अर्थाचा मजकूर त्यानं तिच्या कबरीवर कोरून घेतला, ती कबर गावात आहे. पुढच्याच वर्षी सत्तावनचा उठाव. एवढं होऊनही त्यानं हे काम सोडलं नाही, कॅमेरा पण हातात घेतला, 1864 ला त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनमध्ये निघाली.

आणि मग डिसेंबर 1866. नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या होत्या, तिथं आग लागली आणि मोजक्या सोडल्या तर सगळ्या जळाल्या. वीसेक वर्षांचं काम हो! 1879 ला तो वारला, कबर भुसावळला आहे. आपण त्याला फक्त प्रेमकथेतला गोरा साहेब करून टाकलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

1872 पासून मुंबईच्या जेजे स्कूल या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी परत तेच काम करायला आले, त्यात पेस्तनजी बोमनजी होते. तेरा वर्षं राबले. 1885 ला लंडनच्याच साऊथ केन्सिंग्टन म्युझियमच्या आगीत त्यातल्याही बऱ्याच नकला गेल्या.

मूळ चित्रांचे हाल वेगळेच झाले. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींवर वॉर्निश मारलं गेलं. मग 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटलेला लेप पक्का केला हे मोठं काम, त्यामुळं कितीतरी चित्रं भिंतीवर टिकली, पण वरून शेलॅक म्हणजे लाखेचा थर दिला. वॉर्निश आणि लाख दोन्ही काळाबरोबर पिवळे पडत गेले, त्यावर धूळ बसली, वटवाघळांची घाण बसली. आपल्याला चित्रांवर जी पिवळट-तपकिरी झाक दिसते ती बऱ्याच अंशी या थरांची आहे, मूळ रंगाची नाही. पुरातत्त्व खात्याची माणसं कित्येक वर्षं तो थर हलक्या हातानं थोडा थोडा उतरवतायत, आणि जिथं तो निघालाय तिथं खालचा निळा, हिरवा अजून ताजा आहे.