परीक्षा कोण घेणार? महापरीक्षा पोर्टल आणि सरकारी आयटी कामांवरच्या देखरेखीची पार्श्वभूमी

सरळसेवा भरतीची जाहिरात आली की आता पोरं आधी पदं मोजत नाहीत, आधी विचारतात परीक्षा कोण घेणार. हे असं का झालं ते समजायला महापरीक्षा पोर्टलच्या (राज्याच्या भरती परीक्षा एकाच ठिकाणी ऑनलाइन घ्यायची व्यवस्था, आता बंद) बातम्या पुरत नाहीत, थोडं मागे जाऊन राज्य सरकार आपल्याच खात्यांच्या आयटी कामांवर लक्ष कसं ठेवतं (किंवा ठेवत नाही) ते बघावं लागतं. कारण भरती परीक्षा हे शेवटी सरकारने बाहेर दिलेलं एक आयटीचं कंत्राटच आहे, फक्त त्यात गडबड झाली की लाखो घरांत कळते, बाकीच्या कंत्राटांत कळत नाही एवढाच फरक.

फार जुनं उकरत नाही. सेतू केंद्रं, ऑनलाइन सातबारा, केंद्राचा २००६ चा राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स आराखडा, त्यातून आलेलं राज्याचं नेटवर्क आणि डेटा सेंटर, हे सगळं बहुतेकांना माहीत आहे. त्या काळात प्रत्येक खातं आपापलं सॉफ्टवेअर आपापल्या व्हेंडरकडून करून घ्यायचं आणि माहिती तंत्रज्ञान खातं सल्ला द्यायचं. मोठ्या रकमेचा प्रस्ताव असेल तर तो मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीपुढे जायचा. म्हणजे चाळणी होती, पण ती पैसे मंजूर होईपर्यंतची. एकदा वर्क ऑर्डर निघाली की पुढे काम कसं चाललंय, कोण तपासतंय, एसएलए (करारात ठरलेला सेवेचा दर्जा) मोडला तर दंड कोण कापतंय, हे सगळं त्या खात्यातल्या एखाद्या डेस्क ऑफिसरवर, ज्याच्याकडे आणखी चार विषय असतात आणि जो दोन-तीन वर्षांत बदलून जातो.

खरेदीचे नियम मात्र कडक होत गेले. ई-टेंडर आलं, १ डिसेंबर २०१६ च्या जीआरने (शासन निर्णयाने) सगळ्या खात्यांसाठी खरेदीची एकच नियमपुस्तिका आली, तीन लाखांच्या वर ई-निविदा बंधनकारक झाली. चांगलंच झालं. पण त्यातून खात्यांमध्ये एक समज पक्की बसली की टेंडर नियमाप्रमाणे झालं म्हणजे देखरेख झाली. आणि एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, तो घेतला की ऑडिटची कटकट नाही. खुर्च्या घ्यायला ही पद्धत ठीक आहे, दहा लाख पोरांची परीक्षा घ्यायला नाही.

मग २०१७ आलं आणि या वर्षाला माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त वजन आहे. याच सुमारास राज्याचं स्वतःचं आयटी महामंडळ उभं राहिलं, कल्पना अशी की खात्यांनी बाहेर भटकू नये, काम महामंडळाला द्यावं आणि महामंडळाने पुढे कंपन्या नेमून ते करून घ्यावं. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात एक गाठ बसली ती आजपर्यंत सुटली नाही. जे महामंडळ खात्याकडून काम घेणार तेच त्या कामाच्या कंपन्या निवडणार आणि काम नीट झालं की नाही तेही बऱ्याच अंशी तेच सांगणार, आणि महामंडळ ज्या आयटी खात्याखाली येतं तेच खातं राज्याचं आयटी धोरणही ठरवणार. म्हणजे काम करणारा आणि कामावर लक्ष ठेवणारा एकाच छताखाली.

त्याच वर्षी कर्जमाफी झाली. ३४,०२२ कोटींची घोषणा, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ मिळेल असा दावा, आणि अर्ज फक्त ऑनलाइन. केंद्राबाहेर रात्री रात्री रांगा, अंगठा उमटत नाही, सर्व्हर बंद, मुदतवाढ. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली आणि मग लक्षात आलं की बँकांकडची माहिती आणि अर्जातली माहिती जुळतच नाही, एकाच आधार नंबरवर अनेक नावं. याद्या मागे घ्याव्या लागल्या, आयटी खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बाजूला व्हावं लागलं. शिष्यवृत्तीसाठीचं महाडीबीटी पोर्टलही तेव्हाच आलं आणि पहिल्याच वर्षी रडतखडत चाललं, कॉलेजांना शेवटी अर्ज कागदावर घ्यायची परवानगी द्यावी लागली. मुंबई विद्यापीठाचं पेपर ऑनलाइन तपासायचं प्रकरणही २०१७ चंच, ते राज्याच्या खात्याचं काम नव्हतं पण धडा तोच होता, एप्रिलच्या शेवटी कंत्राट दिलं, १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, आणि चाचणी घ्यायला वेळच नाही. निकाल रखडले, कुलगुरूंना ऑक्टोबरमध्ये हटवलं. एका वर्षात तीन वेळा एकच गोष्ट दिसली की तारीख आधी जाहीर होते आणि सिस्टिम नंतर तयार होते, आणि मधे थांबा म्हणायचा अधिकार कुणालाच नसतो.

आणि हो, महापरीक्षा पोर्टलही २०१७ चंच.

त्याआधी जिल्हा निवड समित्या आणि खाती आपापली भरती करायची, पेपर जिल्ह्यातच छापायचे, आणि तिथे काय काय चालायचं हे सांगायला नको. त्यामुळे सगळ्या वर्ग क आणि ड च्या परीक्षा एका पोर्टलवर आणायचा निर्णय मुळात चुकीचा नव्हता असं माझं मत आहे, लोकांना पटणार नाही पण आहे. चुकलं ते पुढचं. काम आयटी विभागाच्या यंत्रणेमार्फत खासगी कंपन्यांना गेलं. परीक्षा दिवसेंदिवस अनेक सत्रांत, पेपर वेगवेगळे, केंद्रं म्हणजे कुठलं तरी खासगी कॉलेज किंवा सायबर कॅफेसारखी लॅब, बैठक व्यवस्था खेटून, वीज गेली की बॅकअप नाही, आणि हरकत नोंदवायची तर कुठे ते कळत नाही. २०१९ ला तलाठी भरतीत डमी उमेदवार बसल्याचं एका जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेने कागदपत्रं तपासताना स्वतःच शोधलं, म्हणजे सिस्टिमने नाही, फोटो आणि सह्या जुळवणाऱ्या कारकुनांनी. पुण्यात, औरंगाबादेत, नांदेडात मोर्चे निघाले. मागणी एकच होती, पोर्टल बंद करा आणि परीक्षा लोकसेवा आयोगाकडे द्या.

२०१९ च्या शेवटी सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पोर्टल बंद झालं. त्याच महिन्यात, हे मुद्दाम सांगतो, नव्या कर्जमाफीची पहिली यादी लागली आणि ती बऱ्यापैकी सुरळीत लागली. कारण यावेळी शेतकऱ्याकडून अर्जच मागवले नाहीत, बँकांकडून माहिती घेतली, आधी ६८ गावांत १५ हजारांवर नावांची यादी लावून बघितली आणि मग बाकीचं राज्य. म्हणजे २०१७ मधून कुणीतरी काहीतरी शिकलं होतं. तेच शहाणपण भरतीच्या बाबतीत का वापरलं नाही, हा प्रश्न मला अजून पडतो.

पोर्टल बंद करताना मागणीचा पहिला अर्धा भाग मान्य झाला, दुसरा नाही. आयोगाकडे परीक्षा गेल्या नाहीत. आयोगाकडे एवढं मनुष्यबळ नाही असं कारण दिलं गेलं आणि ते अगदीच खोटं नव्हतं, सदस्यांची पदं रिकामी होती, निकालाला वर्ष वर्ष लागत होतं. मग महामंडळाने निविदा काढून काही कंपन्यांचं पॅनल तयार केलं आणि जानेवारी २०२१ च्या जीआरने खात्यांना सांगितलं की यातली एक कंपनी तुम्ही निवडा आणि तुमची परीक्षा तुम्ही घ्या, ओएमआरवर (गोळे रंगवायच्या, मशीनने तपासायच्या उत्तरपत्रिकेवर).

या निर्णयावर नीट बोललं जात नाही म्हणून जरा थांबतो. समर्थन करणारे म्हणतात की सत्ता एका पोर्टलकडे नको, खातं आणि कंपनी आमनेसामने असले की जबाबदारी ठरते. कागदावर हे बरोबर आहे. पण प्रत्यक्षात कंपनीची पात्रता तपासली महामंडळाने, निवडली खात्याने, पेपर छापले कंपनीने आणि तिच्या पोटातल्या प्रेसने, प्रश्न काढले खात्याने नेमलेल्या लोकांनी, आणि भरतीचं एकूण धोरण तिसऱ्याच विभागाचं. गडबड झाली की महामंडळ म्हणणार आम्ही फक्त पॅनल केलं, खातं म्हणणार कंपनी तर पॅनलवरची आहे, कंपनी म्हणणार प्रश्नपत्रिका खात्यातूनच फुटली. आणि गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं खरं असणार. पोर्टलच्या काळात निदान शिव्या द्यायला एक पत्ता होता. शिवाय एखाद्या कंपनीला पॅनलवरून काढायचं असेल तर पुरावा कुणी गोळा करायचा, हे ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे पोलिसांनी अटक करेपर्यंत कंपनी पॅनलवर छान बसून.

आणि झालंही तसंच. आरोग्य खात्याची सहा हजारांवर पदांची परीक्षा २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ला होती. हॉल तिकिटांवर भलतेच जिल्हे, काहींना तर परराज्यातलं केंद्र, आणि आदल्या रात्री परीक्षा पुढे ढकलली, तेव्हा पोरं एसटीत बसलेली होती. मग २४ आणि ३१ ऑक्टोबरला घेतली आणि दोन्हीचे पेपर फुटले. तपासात खात्यातलेच वरिष्ठ अधिकारी अडकले. ते धागे पकडत पुणे सायबर पोलीस गृहनिर्माण प्राधिकरणाच्या ५६५ पदांच्या परीक्षेपर्यंत पोहोचले आणि १२ डिसेंबरची ती परीक्षा त्या दिवशीच्या पहाटे रद्द झाली, मंत्र्यांनी रात्री दोनच्या सुमारास जाहीर केलं. परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा संचालकच आत. त्याच तपासातून शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) घोटाळा बाहेर आला, परीक्षा परिषदेचे प्रमुख अधिकारी अटकेत गेले आणि पुढे २०१९-२० च्या टीईटीतले साडेसात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. ती टीईटी झाली जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे २०२१ च्या पॅनलच्या आधी, आणि ती महापरीक्षा पोर्टलवरही नव्हती, परिषदेचं स्वतःचं कंत्राट होतं. म्हणजे पोर्टल बंद केलं म्हणून पेपर फुटले हेही खरं नाही आणि पोर्टल असतं तर वाचलो असतो हेही नाही. पोर्टल, पॅनल, स्वतंत्र कंत्राट, तिन्ही पद्धतींत कंत्राट दिल्यावर त्याकडे स्वतंत्रपणे बघणारं कुणी नव्हतं, हा एकच धागा सगळीकडे सापडतो. निकाल लागल्यावर मूळ ओएमआर आणि गुणांची यादी कुणी त्रयस्थाने जुळवली असती तर टीईटी दोन वर्षं दबून राहिलीच नसती.

पुढचं ताजं आहे, बहुतेकांनी भोगलेलं आहे. २०२२ मध्ये पॅनल गुंडाळलं आणि एक बडी आयटी कंपनी आणि बँकांच्या परीक्षा घेणारी एक संस्था, या दोघांनाच काम द्यायचं ठरलं, नोव्हेंबर २०२२ पर्यंत ते पक्कं झालं. परत ऑनलाइन, परत अनेक सत्रं. दर्जा वाढला हे मान्य करायला हवं, पण दर कोण ठरवणार हा प्रश्न उघडा राहिला आणि तो उमेदवारांच्या खिशातून सुटला. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या वर्गाला १,००० रुपये आणि राखीवला ९०० रुपये फी, साडेचार हजारांवर पदं आणि दहा लाखांवर अर्ज, गुणाकार तुम्हीच करा. २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडून पोरं सकाळभर केंद्राबाहेर उभी होती. नंतर निकालात २०० पैकी २१४ गुण दिसले, ते नॉर्मलायझेशनमुळे (सोप्या-अवघड सत्रांतला फरक काढायला गुण सूत्राने वरखाली करतात), सूत्र चुकीचं नव्हतं पण ते समजावून सांगायला आधी कुणी पुढे आलं नाही, गदारोळ झाल्यावर खुलासा आला. मधल्या काळात लिपिक-टंकलेखकाची पदं आयोगाकडे गेली, २०२३ च्या एकाच जाहिरातीत ७,०३४ होती, म्हणजे २०१९ च्या मोर्चातली मागणी चार वर्षांनी तुकड्यातुकड्याने मान्य होतेय.

२०२४ मध्ये स्पर्धा परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्याचा कायदा आला. पेपर फोडणाऱ्याला तीन ते पाच वर्षं, आणि सेवा देणारी कंपनी दोषी ठरली तर एक कोटीपर्यंत दंड आणि चार वर्षं बंदी. कंपनीवर थेट बोट ठेवणारी तरतूद राज्यात पहिल्यांदा आली हे खरं, पण ती लागू होते गुन्हा घडल्यावर. त्याआधीचं सगळं, करारातल्या अटी, केंद्रांची तपासणी, संगणकातल्या नोंदी (लॉग) कुणाकडे राहणार, मुदतवाढ कशाच्या जोरावर द्यायची, हे अजून करारावर सही करणाऱ्या खात्याच्या डेस्कवरच आहे.